दारातली सोनघंटा

आमचं गाव शाहूवाडी तालुक्यात, घाटमाथ्याला. लहानपणी शिमग्याच्या सुमाराला आम्ही पोरं डोंगराला आग लावायचो. जुनं गवत जळलं की पावसाळ्यात चारा जोमानं येतो, असं जाणती माणसं सांगायची. त्या आगीत आणखी काय जळतंय, ते कुणी बघितलं नाही. मीही नाही.

कड्याच्या अंगाला एक झुडूप असायचं. पुरुष-दीड पुरुष उंच, पान काळजाच्या आकाराचं, लवदार. थंडीत पिवळी, तांबड्या शिरांची फुलं माना खाली घालून लोंबायची, बैलाच्या गळ्यातल्या घंट्यांसारखी. त्याचं नाव आम्हाला ठाऊक नव्हतं. शेळ्या पाला खातात, एवढीच ओळख.

काही वर्षांमागं कॉलेजातले एक सर तेच झुडूप शोधत आले. दोन दिवस मी त्यांच्याबरोबर कडा पालथा घातला. एकही दिसलं नाही. शेवटी मी म्हटलं, "सर, इथंच होतं. आम्हीच जाळलं." सर बराच वेळ बोलले नाहीत. मग म्हणाले, ही सोनघंटा. रानडे नावाच्या आपल्याच माणसानं ती गोळा केली. वुड्रो आणि स्टाफ या साहेबांनी १८९४ साली तिचं शास्त्रीय नाव छापलं, त्यात रानड्यांचं नाव घातलं : अब्युटिलॉन रानडेई. सह्याद्री सोडला तर जगात ती कुठंच आपोआप उगवत नाही.

मला दहावीपर्यंत असलं कुणी शिकवलं नव्हतं.

पुढं सरांनी बागेतल्या झाडाचं बी धाडलं. अकरा बिया. चार उगवल्या. पाणी जास्त झालं म्हणून दोन रोपं कुजली. मग डोक्यात उजेड पडला, ही कड्यावरची, पाय ओले राहिलेले हिला सोसायचे नाहीत. उरलेली दोन मुरमाड बांधावर लावली. भेंडी-कापसाचीच भाऊबंद, त्यामुळं पिठ्या ढेकूणही आला. आमची मंडळी रोज सकाळी ओल्या फडक्यानं पानं पुसायची.

तिसऱ्या वर्षी घंटा लागल्या. शेजारी विचारतात, "याचं करायचं काय?" मी सांगतो, काही नाही, बी धरायचं.

दारात जगली म्हणजे सोनघंटा वाचली, असं नव्हे. तिचं घर कड्यावर. यंदा सरांना विचारून नातवाबरोबर तिथं बी टाकलं. शिमग्याआधी कड्याखालचं गवत कापून जाळरेषाही काढली. आग लावणारे हात माझेच होते, राखणारेही माझेच असायला हवेत.