पोलादाच्या भट्टीपासून चरख्यापर्यंत



आपल्या गटाच्या पापडाच्या पाकिटावर फोटो छापायचा असला की आपण तालुक्याच्या फोटोवाल्याला बोलावतो. तो पापड ताटात मांडतो, मागे निळा कागद धरतो, शेजारी दोन हिरव्या मिरच्या ठेवतो. पापडात मिरची असो वा नसो, फोटो उठून दिसतो. घरच्या लग्नाचा फोटो आपण आठवण म्हणून काढतो. धंद्याचा फोटो माल खपावा म्हणून काढतात. त्यात काय दाखवायचं आणि काय झाकायचं, हे पैसे देणारा ठरवतो.

असे धंद्याचे फोटो काढून पोट भरणाऱ्या एका बाईची गोष्ट आज सांगते. बाई अमेरिकेतली, पण तिचा एक फोटो आपल्या पुण्यात काढलेला आहे आणि तो तुम्ही नक्की पाहिलेला आहे. कोणता, ते शेवटी सांगते.

मार्गारेट बर्क-व्हाइट यांचा जन्म 1904 सालचा, न्यूयॉर्कचा. वडील छपाईयंत्रं तयार करणारे इंजिनिअर. लहानपणी त्यांनी लेकीला लोखंड ओतायचा कारखाना दाखवायला नेलं होतं. तो तांबडा रस मुलीच्या मनात बसला तो कायमचा. पुढे कॉलेजात असताना वडील वारले. आईनं वीस डॉलरला एक जुना कॅमेरा घेऊन दिला. त्याच्या भिंगाला चीर होती. लवकर लग्न झालं आणि दोनेक वर्षांत ते मोडलं. मग मार्गारेटबाईंनी वडिलांच्या आडनावाआधी आईचं माहेरचं आडनाव जोडलं आणि 1927 साली क्लीव्हलँड या कारखान्यांच्या शहरात धंदा सुरू केला.

स्टुडिओ म्हणजे भाड्याची एक खोली. स्वयंपाकाच्या कोपऱ्यात फिल्म धुवायची, न्हाणीच्या टबात फोटो खळबळायचे. अंगावर एकच करडा पोशाख. एका दिवशी त्यावर लाल टोपी नि लाल हातमोजे, दुसऱ्या दिवशी निळी टोपी नि निळे हातमोजे. बाईंकडे कपडे नाहीत हे गिऱ्हाइकाला कळू नये, एवढ्यासाठी ही युक्ती. गरजू दिसलो की भाव पडतो, हे आपल्यालाही बाजारात बसून ठाऊक आहे.

पहिली गिऱ्हाइकं घरं-बागा बांधणारी मंडळी होती. दर फोटोला पाच डॉलर. एका नव्या शाळेचा फोटो हवा होता. इमारत छान, पण भोवती नुसता चिखल आणि बांधकामाचा राडारोडा. चांगला उजेड मिळावा म्हणून बाई रोज पहाटे तिथे जात राहिल्या. उजेड मिळाला तेव्हा त्यांनी फुलवाल्याकडून फुलं आणली, चिखलात खोचली आणि कॅमेरा खाली धरून फुलांवरून शाळेचा फोटो घेतला. मग तीच फुलं उपटून दुसऱ्या बाजूला खोचली. फोटोत शाळेभोवती बाग फुललेली. गिऱ्हाईक खूश झालं आणि पुढची कामं मिळाली.

पण मन होतं पोलादाच्या भट्टीत. ओटिस स्टील या कंपनीत त्यांनी परवानगी मागितली. पूर्वी एक शिक्षिका कारखाना बघायला येऊन उष्म्यानं चक्कर येऊन पडली होती म्हणे, तेव्हापासून तिथे बायकांना मज्जाव होता. एकीला चक्कर आली आणि दार सगळ्यांना बंद झालं. बाईंनी मालकाला पटवलं आणि दार उघडून घेतलं. 1927-28 च्या हिवाळ्यात त्या रात्रीमागून रात्री भट्टीपाशी उभ्या राहिल्या. तोंड भाजून निघालं, कॅमेऱ्याच्या रंगाला फोड आले.

एवढं करून पहिल्या फोटोंत आलं काय? काळोख! त्या काळच्या फिल्मला तांबडा उजेड जवळजवळ दिसायचाच नाही. जुन्या फोटो स्टुडिओच्या अंधाऱ्या खोलीत लाल दिवा असायचा, तो याच कारणानं. डोळ्यापुढे भट्टी धगधगत होती, फिल्मला ती दिसत नव्हती. शेवटी सिनेमाच्या चित्रीकरणासाठी मॅग्नेशियमच्या मशाली विकणारा एक विक्रेता भेटला. त्याच्या मशाली पेटवल्यावर पांढरा लख्ख उजेड पडला आणि फोटो उमटले. कंपनीनं ते विकत घेतले, त्यांचं पुस्तक छापलं. मग काम चालून येऊ लागलं. 1930 साली निघालेल्या ‘फॉर्च्युन’ या उद्योगधंद्यांच्या मासिकात बाई पहिल्या अंकापासून होत्या. न्यूयॉर्कची क्रायस्लर इमारत बांधली जात असताना तिच्या उंच मनोऱ्यावर चढून त्यांनी फोटो काढले आणि पुढे त्याच इमारतीत स्टुडिओ थाटला. मोटारी, टायर, अशा कितीतरी मालाच्या जाहिराती त्यांनी केल्या.

या फोटोंत यंत्रं देवळासारखी भव्य दिसतात. माणूस मात्र क्वचित दिसतो, आणि दिसला तरी यंत्र किती मोठं आहे हे कळावं म्हणून उभा केलेला. त्याची मजुरी किती, त्याच्या घरी काय शिजतं, हे कंपनीला दाखवायचं नव्हतं, आणि बाईंनाही तेव्हा ते दिसलं नव्हतं.

1934 साली हे बदललं. अमेरिकेच्या मधल्या भागात मोठा दुष्काळ पडला. वर्षानुवर्षं नांगरून मोकळी केलेली जमीन वाऱ्याबरोबर उडू लागली. मासिकानं बाईंना तिथे धाडलं. धुळीत गुदमरलेली जनावरं, करपलेलं पीक आणि हताश बसलेले शेतकरी त्यांनी पाहिले. परतल्यावर त्यांना एक स्वप्न पडलं, ते त्यांनीच आत्मचरित्रात लिहिलं आहे. ज्या मोटारींचे त्या जाहिरातीसाठी फोटो काढत होत्या, त्याच मोटारी अंगावर धावून येत होत्या. त्यानंतर त्यांनी जाहिरातीचं काम सोडलं. चांगला पैसा मिळत असताना सोडलं.

1937 च्या जानेवारीत लुईव्हिल शहराला महापूर आला. तिथला त्यांचा फोटो जगभर गाजला. मदतीसाठी काळ्या माणसांची रांग लागली आहे. कुणाच्या हातात बादली, कुणाच्या टोपली. त्यांच्या मागे भलीमोठी जाहिरात आहे. तीत एक गोरं कुटुंब मोटारीत बसून हसतंय आणि आमच्या देशाइतकं सुखाचं राहणीमान जगात कुठेच नाही, असं वर लिहिलंय. पूर्वी बाई जाहिरातीसाठी फोटो काढायच्या, इथे त्यांनी जाहिरातीचाच फोटो काढला.

म्हणून त्या चुकल्याच नाहीत असं नाही. त्याच वर्षी गरीब कुळांवर त्यांनी एका लेखकाबरोबर पुस्तक काढलं. त्यात फोटोंखाली त्या माणसांच्या तोंडचे म्हणून जे शब्द आहेत, ते दोघांनी आपल्या मनाने लिहिलेले होते. पुस्तकात त्यांनी तसं कबूलही केलं होतं. तरी ज्याचा चेहरा, त्याचा शब्द हवा होता.

आता पुण्याची गोष्ट. 1946 साली ‘लाइफ’ या साप्ताहिकाच्या कामासाठी बाई गांधीजींचा फोटो काढायला आल्या. गांधीजींच्या माणसांनी आधी विचारलं, ‘तुम्हाला सूत काढता येतं का?’ येत नव्हतं. मग आधी चरखा शिका, म्हणाले. भट्टीपुढे न हटलेल्या बाई चरख्यापुढे बसल्या. धागा सारखा तुटायचा. थोडं जमल्यावर आत जायला मिळालं. त्या दिवशी गांधीजींचं मौन होतं, आणि फ्लॅशचे तीनच दिवे उडवायची परवानगी होती. पहिले दोन प्रयत्न फसले. तिसरा साधला. पुढे चरखा आणि मागे वाचत बसलेले गांधीजी, तोच हा फोटो. 30 जानेवारी 1948 रोजी, गांधीजींची हत्या झाली त्या दिवशी, काही तास आधी बाईंनी त्यांची मुलाखत घेतली होती.

मार्गारेटबाई 1971 साली वारल्या. चिखलात फुलं खोचण्यापासून समोरच्याचं काम आधी शिकून घेण्यापर्यंत त्या आल्या, हा प्रवास मला मोठा वाटतो.

आता आपल्याकडे बघा. हातोहाती मोबाइल आहेत. गटाचे फोटो अधिकारी काढतात, कंपन्या काढतात, आपल्या मुलीही काढतात. पुढच्या बैठकीत दोन गोष्टी बोला. आपला फोटो कोण, कशासाठी काढतंय आणि खाली काय लिहिणार आहे, हे आपण विचारतो का? आणि आपल्या पाकिटावरच्या फोटोत नुसता पापड आहे, की पापड लाटणारे हातही आहेत?