छपाईचा सामाईक कारभारी

जानेवारी १९८५ मध्ये अ‍ॅपलने लेझररायटर हे मुद्रणयंत्र जाहीर केले तेव्हा त्याची किंमत ६,९९५ डॉलर होती. आणि ज्या मॅकिंटॉश संगणकांच्या दिमतीला ते द्यावयाचे, त्यांच्याहून अधिक स्मृती व अधिक वेगवान प्रोसेसर त्याच्याच उदरात असल्यामुळे, एवढे महागडे यंत्र एकाच मेजाची मिरास न होता साऱ्या दप्तराच्या उपयोगी पडावे म्हणून लोकलटॉक ही तारांची साधीसुधी जोडणी निर्माण झाली. पुढे तर घरातली टेलिफोनची तारच त्या कामी येऊ लागली. फक्त ओळीच्या दोन्ही टोकांच्या जोड-डब्यांत १२० ओमचा चिमुकला रोधक खोचावा लागे, कारण तो नसला तर संदेश टोकावरून परतून आपल्याच पाठीमागून येणाऱ्या संदेशांत कालवाकालव करीत.

यंत्रे जुनी झाली, मुद्रणयंत्रे बदलली, आणि १९९८ च्या आयमॅकमधून लोकलटॉकचे दारच नाहीसे झाले. तरीही मिशिगन विद्यापीठात जन्मलेल्या, युनिक्सवर चालणाऱ्या नेटाटॉक या आज्ञावलीने त्या म्हाताऱ्या संगणकांचा तनखा चालू ठेवला, ही मला या इतिहासातील सर्वांत हृद्य गोष्ट वाटते. त्यातील पॅपडी नावाचा कारभारी जुन्या मॅकिंटॉशला लेझररायटरच असल्याचे भासवी, पोस्टस्क्रिप्ट या छपाईच्या भाषेत आलेला मजकूर रुजू करून घेई आणि युनिक्सच्या छपाईच्या रांगेत दाखल करी. २०१२ मध्ये नेटाटॉकमधून काढलेली ही व्यवस्था २०२४ च्या आवृत्तीत पुन्हा बहाल झाली.