ऐकीव शब्दाची शहानिशा: इंदूर आणि वैद्यकीय श्रुतलेखन

इंदूरमधील छत्रीबाग हा भाग होळकर घराण्यातील व्यक्तींच्या स्मृत्यर्थ उभारलेल्या छत्र्यांमुळे त्या नावाने ओळखला जातो. मंदसोरच्या तहानंतर, १८१८ मध्ये, होळकरांची राजधानी महेश्वरहून इंदुरास आली आणि दरबाराच्या आश्रयाने लेखणीवर उपजीविका करणारा मराठी कारकून वर्ग या शहरात स्थिरावला. या वर्गाच्या हातची लिपी मोडी होती. मोडीत शब्द सलग लिहिले जातात आणि ऱ्हस्व-दीर्घाचा भेद बहुधा पाळला जात नाही, त्यामुळे अनोळखी नाव किंवा गाव केवळ अक्षरांवरून ठरवता येत नाही. मागचापुढचा मजकूर, प्रकरणाचा विषय आणि त्याच प्रकरणातील इतर कागद पाहूनच वाचन पक्के करावे लागते. आधी संदर्भ आणि मग अक्षर, ही रीत पुढे वैद्यकीय श्रुतलेखनात, म्हणजे डॉक्टरांनी तोंडी सांगितलेला रुग्णाचा वृत्तान्त ऐकून लिहून काढण्याच्या व्यवसायात, पुन्हा आढळते. या दोहोंत थेट परंपरा दाखवण्याचा अट्टाहास करू नये. साम्य आहे ते कामाच्या गरजेचे.

याच शहरातील रेसिडेन्सीत, म्हणजे ब्रिटिश प्रतिनिधीच्या ठाण्यात, १८७८ मध्ये वैद्यकीय शाळा सुरू झाली आणि १९४८ मध्ये येथे महात्मा गांधी स्मृती वैद्यकीय महाविद्यालय स्थापन झाले. पाश्चात्त्य वैद्यकाबरोबर ग्रीक आणि लॅटिन धातूंपासून घडलेल्या संज्ञांचा मोठा भार आला. मुंबईच्या ग्रँट मेडिकल कॉलेजात मराठी आणि गुजराती वर्ग चालवून, तसेच पुढे महाराष्ट्राच्या भाषा संचालनालयाने शरीररचना, विकृतिशास्त्र आणि औषधशास्त्र यांचे परिभाषा कोश काढून हा भार मराठीत पेलण्याचे प्रयत्न झाले. तथापि रुग्णालयातील टिपणे इंग्रजीतच राहिली आणि लेखनिकाला अखेर इंग्रजी उच्चारामागचा ग्रीक शब्दच शोधावा लागला.

असा शब्द पडताळायचा तर प्रमाण मानावे असे काही हाताशी असावे लागते, आणि ते मिळण्यास बराच काळ लागला. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस शरीराच्या अवयवांसाठी सुमारे ५० हजार नावे प्रचारात होती, म्हणजे एकाच भागाला देशोदेशी निरनिराळी नावे होती. १८९५ मध्ये बाझेल येथे शरीररचनाशास्त्रज्ञांनी त्यांतून सुमारे ५ हजार निवडली. डॉरलंडचा सचित्र वैद्यकीय कोश १९०० मध्ये आणि स्टेडमनचा १९११ मध्ये निघाला. औषधांच्या बाबतीत जागतिक आरोग्य संघटनेने १९५० मध्ये आंतरराष्ट्रीय सामान्य नावांची योजना स्वीकारली आणि १९५३ मध्ये पहिली यादी प्रसिद्ध केली. या नावांना ठरीव शेवट असतात, उदाहरणार्थ ‘ओलॉल’ हा शेवट हृदयाची गती आणि रक्तदाब कमी करणाऱ्या एका गटाचा, त्यामुळे अर्धवट ऐकू आलेल्या नावाचाही निदान गट कळतो. व्यापारी नावांना असा नियम नाही: सेलेब्रेक्स सांध्यांच्या दुखण्यावर, सेलेक्सा नैराश्यावर आणि सेरेबिक्स झटक्यांवर दिले जाते, आणि घाईने बोललेली ही तिन्ही नावे कानाला जवळजवळ सारखीच वाटतात.

अमेरिकेत श्रुतलेखनिकांची स्वतंत्र संघटना १९७८ मध्ये स्थापन झाली. १९९० च्या दशकात हे काम भारतात येऊ लागले, कारण तेथील रात्र ही येथील कामाची वेळ होती आणि इंग्रजी जाणणारे पदवीधर येथे मिळत होते. या कामातील नवशिक्यांची पहिली अडचण अशी, की कोश वर्णानुक्रमाने लावलेला असतो आणि शब्द मात्र कानाने आलेला असतो. न्यूमोनिया आणि सोरायसिस हे दोन्ही शब्द रोमन लिपीत ‘पी’ या अक्षराखाली सापडतात, झिरोस्टोमिया, म्हणजे तोंडाचा कोरडेपणा, ‘एक्स’खाली; तेव्हा ध्वनीवरून शोधणाऱ्याला शब्द अस्तित्वातच नाही असे वाटते. यापेक्षा कठीण प्रकार सापडूनही चुकणाऱ्या शब्दांचा असतो. डिस्फेजिया म्हणजे गिळण्यातील अडथळा आणि डिस्फेझिया म्हणजे मेंदूच्या विकारामुळे बोलण्यात येणारा दोष. दोन्ही शब्द कोशात आहेत, दोन्हींचे लेखन शुद्ध आहे, आणि योग्य कोणता हे कोश सांगत नाही. रुग्णाची तक्रार, वय, केलेली तपासणी आणि दिलेले औषध यांच्याशी अर्थ जुळवूनच तो ठरतो. शुद्धलेखन तपासणाऱ्या संगणकीय सोयीही याच ठिकाणी निरुपयोगी ठरतात.

एवढे करूनही शब्द निश्चित न झाल्यास जागा रिकामी सोडावी, ध्वनिफितीतील वेळ नोंदवावी आणि तो भाग वरिष्ठ तपासनिसाकडे पाठवावा, असा दंडक या व्यवसायात रूढ झाला. अननुभवी लेखनिकाला रिकामी जागा ही आपली नामुष्की वाटते. वास्तविक खऱ्यासारख्या दिसणाऱ्या अंदाजाने भरलेली ओळ रुग्णाला अधिक धोक्याची असते, कारण ती चुकीची आहे याची वाचणाऱ्याला शंकाही येत नाही. पुढे वाणी ओळखणाऱ्या संगणकप्रणाली आल्या आणि लेखनिक बऱ्याच ठिकाणी संपादक झाला, परंतु मोकळी जागा सोडण्याऐवजी काहीतरी शब्द बसवण्याची खोड या प्रणालींतही असल्याने शहानिशेचे काम कमी झाले नाही.

१६ ऑक्टोबर २०२२ रोजी भोपाळ येथे मध्य प्रदेश शासनाच्या एमबीबीएस अभ्यासक्रमाची हिंदी पाठ्यपुस्तके प्रकाशित झाली आणि त्यांत पुष्कळ इंग्रजी संज्ञा देवनागरीत तशाच ठेवण्यात आल्या. व्यवहाराच्या दृष्टीने हा मार्ग सोयीचा आहे. मात्र लहान आतड्याचा शेवटचा भाग आणि कमरेच्या हाडाचा वरचा भाग या दोहोंसाठी देवनागरीत ‘इलियम’ असेच लिहावे लागते, तर रोमन लिपीत त्यांत एका अक्षराचा फरक आहे. देवनागरीतील वैद्यकीय लेखनात अशा शब्दांशेजारी मूळ रोमन लेखन देणे म्हणूनच आवश्यक आहे.