नाकावरचा कापूस

नाकात कापूस म्हणजे माणसाचा हिशेब मिटला. तोच कापूस नाकावर बसला, की निदान पेपर तरी वाचता येतो. ही नुसती कोटी नाही, इतिहास आहे!

चष्म्याचा इतिहास सांगणारे काचांपाशीच थांबतात. फ्रेमची वास्तपुस्त कोणी करत नाही. पूर्वी हाड, शिंग, चामडं, कासवाची पाठ, ऐपत असली तर चांदी-सोनं, हाताला लागेल ते लोकांनी नाकावर चढवलं. १८७० साली अमेरिकेत जॉन हयाटने सेल्युलॉइडचं पेटंट घेतलं आणि कासवांना जरा हायसं वाटलं असावं. कृती अशी: नायट्रिक आम्लात मुरवलेला कापूस घ्यावा, त्यात कापूर मिसळावा, तापवून दाबावं. कापूस आणि कापूर! थेट देवघरातलं सामान. गुणही तोच, ठिणगी पडायचा अवकाश की आरती सुरू. विडी ओढणाऱ्याने असला चष्मा लावून दाखवावाच. पुढे ॲसिटेट आलं, ते एवढं भडकत नाही. तेही कापसाच्या घरातलं. जिनिंगनंतर सरकीला जी बारीक लव चिकटून राहते, तिच्यातून किंवा लाकडाच्या लगद्यातून ते काढतात.

हे मी महागावच्या मामांना सांगितलं. (महागाव यवतमाळ जिल्ह्यातलं; गडहिंग्लजजवळचं नव्हे.) मामांचा जन्म कापसात गेला. ते म्हणाले, "काऊन बाबू, म्हंजे आमचीच सरकी आमाले चष्मा करून इकते का हे लोक? आन् सरकीले भाव काय देते?"

उत्तर टाळायला मी खिशातून भेट काढली. कार्बन फायबरची फ्रेम. १८७९ साली एडिसनने कापसाचा दोरा जाळून कोळसा केला आणि दिव्यात पेटवला, तो या फायबरचा पणजोबा. १९५८ साली अमेरिकेत रॉजर बेकनला फार मजबूत तंतू सापडले. १९६१ च्या सुमारास जपानच्या अकिओ शिंदो यांनी ॲक्रिलिकपासून ते करून दाखवले. म्हणजे स्वेटरच्या नकली लोकरीपासून! आधी हवेत भाजायचं, मग हवा तोडून हजार अंशांच्या वर तापवायचं. उरतो तो केसाहून कितीतरी बारीक, काळा तंतू. तो राळेत बसवला की पोलादाच्या पाव वजनात ताठपणा मिळतो. रोल्स-रॉईसने विमानाच्या इंजिनाची पाती याची केली होती. १९७० साली चाचणीत त्यांच्यावर कोंबडी सोडली. पाती फुटली, आणि १९७१ साली कंपनीचं दिवाळं निघालं. दिवाळं काही एकट्या कोंबडीने काढलं नाही, पण तिचाही हातभार.

मामांनी फ्रेम तळहातावर तोलली. "जयलेल्या दोऱ्याचे येवढे पैसे? आमची गंजी जयली तं पंचनाम्यालेही कोणी लवकर येत नाई."

खरी पंचाईत पुढेच. मामांचा एक कान दुसऱ्यापेक्षा बोटभर वर आहे. त्यांची जुनी ॲसिटेटची फ्रेम बाजारातल्या चष्मेवाल्याने गरम वाळूत धरून हव्या त्या कोनात वाकवून दिली होती. ही नवी त्याने फिरवून फिरवून पाहिली आणि परत केली. राळ एकदा पक्की झाली की वाळू तापवून उपयोग नाही. वाकवलं तर मोडेल. कानानेच काय ते जमवून घ्यायचं!

मामांनी जमवलं. दोन्ही काड्यांना मागून दोरी बांधली, सुताची. हल्ली पेपर वाचताना चष्मा घसरत नाही म्हणतात, पण बाजारभावाचं पान अजून जुन्याच चष्म्यातून वाचतात.