डोईचा हिशेब

डोईवर पदर, डोईवर मोळी, डोईवर कर्ज. आधी 'दर' जोडला की हाच घरगुती शब्द अर्थशास्त्रात जाऊन बसतो: दरडोई.

आपल्याकडे या हिशेबाला धार दिली दादाभाई नौरोजींनी. मुंबईच्या एल्फिन्स्टन कॉलेजात त्यांनी गणित शिकवले होते. 1867-68 च्या आकड्यांवरून त्यांनी ब्रिटिश हिंदुस्थानचे वार्षिक उत्पन्न माणशी 20 रुपये काढले आणि त्याच्या शेजारी तुरुंगातल्या कैद्याच्या अन्नवस्त्राचा खर्च मांडला. कैद्याचा खर्च जास्त भरला! साम्राज्याच्या भरभराटीच्या गप्पा एका भागाकाराने उघड्या पाडल्या.

पुढे हाच भागाकार धुराला लागला. 1990 मध्ये वॉशिंग्टनच्या वर्ल्ड रिसोर्सेस इन्स्टिट्यूटने हरितगृह वायू सोडणाऱ्या देशांची यादी काढली. पहिल्या पाचांत ब्राझील, चीन आणि भारत. आपल्या खात्यात भातखाचरांतला आणि गुरांच्या पोटातला मिथेनही धरला होता. 1991 मध्ये दिल्लीच्या सेंटर फॉर सायन्स अँड एन्व्हायर्नमेंटच्या अनिल अगरवाल आणि सुनीता नारायण यांनी या यादीलाच हात घातला. समुद्र आणि जंगले कार्बन शोषून घेतात, ती क्षमता कोणाची? यादीत ती जास्त धूर सोडणाऱ्याला जास्त, अशी वाटली होती. ती माणशी वाटा, असे या दोघांचे म्हणणे. तशी वाटली की भारत आपल्या वाट्याच्या आतच राहत होता. पोटासाठी लावलेल्या भाताचा वायू आणि चैनीच्या मोटारीचा धूर एका मापाने मोजू नका, हेही त्यांनी ठणकावले. 1992 च्या रिओ हवामान कराराने विकसनशील देशांचे दरडोई उत्सर्जन कमी असल्याची नोंद केली.

आज भारताचा कार्बन डायऑक्साइड दरडोई वर्षाला सुमारे 2 टन, अमेरिकेचा 14 च्या आसपास. एकूण बेरजेत मात्र आपण तिसरे. सिमेंट, पोलाद, कारखाने, विजेची मागणी, सारेच वाढले आणि वीज अजून मुख्यतः कोळशाचीच आहे.

दरडोईचा युक्तिवाद मला न्याय्य वाटतो. पण तो देशाच्या सीमेशी थांबवता येणार नाही. कातकरी पाड्यावर डोईवर मोळी वाहणारी बाई आणि दारात तीन गाड्या असलेले घर यांची आपण एकच सरासरी काढतो. तिचे डोके मोजून जगाकडे सवलत मागायची असेल, तर त्या सवलतीतली वीज आणि गॅस सिलिंडर आधी तिच्या घरी पोचवा.