सातबाऱ्यावर नवं नाव चढतं कसं? थोडा इतिहास

मंडळी, बातमीदारी करताना मला लोक सगळ्यात जास्त एकच प्रश्न विचारतात: "आम्हाला न विचारता सातबाऱ्यावर नाव चढलंच कसं?" या प्रश्नाला सव्वाशे वर्षांचा इतिहास आहे.

इंग्रजांनी जमिनी मोजल्या त्या सारा वसूल करण्यासाठी. सारा कोण भरतो एवढंच सरकारला हवं होतं. जमिनीवर कुणाकुणाचे हक्क आहेत, हे लिहिण्याची पद्धत मुंबई इलाख्यात १९०३ च्या कायद्याने आली आणि १९१३ मध्ये ती मूळ महसूल कायद्यात घातली गेली.

खरी मेख पुढे आहे. नवी नोंद थेट सातबाऱ्यावर लिहायचीच नाही, असा दंडक आहे. आधी ती फेरफार वहीत, म्हणजे गाव नमुना ६ मध्ये घ्यायची. मग चावडीवर नोटीस लावायची आणि संबंधितांना कळवायचं. हरकत आली तर प्रकरण वादग्रस्त नोंदींच्या वहीत, ६-अ मध्ये जातं. मंडळ अधिकाऱ्याने मंजुरी दिल्यावरच सातबारा बदलतो. लिहिणारा एक आणि मंजूर करणारा दुसरा, हीच त्यातली अक्कल. १९६६ च्या महाराष्ट्र जमीन महसूल संहितेत कलम १५० हेच सांगतं.

आता ई-फेरफार आलाय. दुय्यम निबंधकाकडे खरेदीखत नोंदलं, की माहिती थेट तलाठ्याच्या लॉगिनला जाते आणि फेरफार नंबर संगणकच देतो. वहीत मधे कोरी ओळ सोडून मागाहून नोंद घुसवायची वाट त्यामुळे अरुंद झाली.

पण संगणक क्रम तपासतो, खरेपणा नाही. वारस नोंदीचंच बघा. बाप गेल्यावर अर्जात भाऊ फक्त भावांची नावं लिहितात. १९५६ च्या हिंदू वारसा कायद्याने मुलगीही बापाची वारस आहे, पण तिचं नाव अर्जात नसेल तर संगणक विचारणार नाही. तिथे चौकशी माणसानेच करायची, आणि नेमकी तीच कागदोपत्री उरकली जाते. "बहिणीने तोंडी हक्क सोडला" हेही चालत नाही. हक्कसोडपत्र नोंदणीकृतच लागतं.

कायदा म्हणतो, उलट सिद्ध होईपर्यंत सातबाऱ्यावरची नोंद खरी मानायची. म्हणजे चुकीची नोंद मोडण्याचं ओझं ज्याचं नाव सुटलं त्याच्यावरच येतं. म्हणून नोंद होण्याआधीचा काळ महत्त्वाचा.

चावडीवरची नोटीस आता 'आपली चावडी' या संकेतस्थळावर घरबसल्या दिसते. महिन्यातून दोनदा आपलं गाव उघडून बघा. हरकत असेल तर मुदतीत लेखी द्या आणि पोच घ्या. नोंद मंजूर झालीच, तर साठ दिवसांत प्रांताकडे अपील करता येतं.

सासरी गेलेल्या बहिणींना ही पोस्ट जरूर पाठवा.