कर्ण्याने न ऐकलेला पखवाज

जुन्या तबकड्यांतील गाणें हल्लीं नव्या रूपांत मिळूं लागलें आहे. खांचेंतून निघणाऱ्या ध्वनीचें दर सेकंदास ९६,००० वेळां माप घेऊन तें अंकांत सांठविण्याची ही रीत इतकी सूक्ष्म आहे कीं, मानवी कानास जें ऐकूं येत नाहीं तेंहि तींत टिपलें जातें. त्यामुळें कित्येकांचा असा समज होतो कीं, आतां जुना गवई प्रत्यक्ष समोर बसल्यासारखा ऐकूं येईल. हा समज कितपत खरा, हें पाहावयाचें तर मूळ तबकडी कशी तयार होई तें आधीं पाहिलें पाहिजे.

१९०२ सालीं गौहरजानचें गाणें कलकत्त्यास मुद्रित झालें, तेव्हां विजेचा ध्वनिग्राहक नव्हता. गायकानें एका मोठ्या कर्ण्याजवळ तोंड नेऊन गावयाचें. त्याच्या आवाजानें पडदा थरारे आणि पडद्याशीं जोडलेली सुई मेणावर रेघ कोरी. हा कर्णा मोठा पक्षपाती! मधल्या पट्टीचा खणखणीत आवाज त्याला मानवे. फार खालचे आणि फार वरचे नाद तो जवळजवळ टाकूनच देई. १९२५ च्या सुमारास विद्युत्-मुद्रण आलें, तेव्हां हा पक्षपात पुष्कळ कमी झाला. मिरजेचे अब्दुल करीम खांसाहेब १९३७ सालीं वारले. त्यांची झिंझोटींतील ठुमरी ह्या नव्या रीतीची. तिचें सूक्ष्म प्रतिमुद्रण चांगल्या यंत्रावर ऐकावें. एका स्वरावरून दुसऱ्यावर सरकतांना आवाजाला येणारी बारीक थरथर त्यांत कळूं लागते. खांचेंतील टिचक्याहि अधिक नेमक्या ओळखून काढतां येतात. सरसकट खरखर मात्र फार पुसूं गेलें तर आवाजाची कांतीच जाते.

आतां बीड जिल्ह्याकडे वळूं. निजामी अमदानींत ज्याला मोमिनाबाद म्हणत, त्या अंबेजोगाईच्या बाजूचें आपेगांव पखवाजवादक शंकरबापू आपेगांवकरांमुळें सर्वांस ठाऊक झालें. (ज्ञानदेवांचें आपेगांव तें निराळें, पैठणकडचें.) पखवाजाच्या डाव्या तोंडावर ओली कणीक थापतात, त्यामुळें त्याचा नाद खोल आणि गंभीर होतो. कीर्तनांत टाळांच्या गजराखालीं भुई धरून ठेवणारा नाद तो हाच. टाळांची झणकार अगदीं वरच्या टोंकाची, पखवाजाचा घुमारा अगदीं खालच्या टोंकाचा. आणि कर्ण्याला वर्ज्य नेमकीं हींच दोन टोंकें! मग दर सेकंदास ९६,००० मापें घ्या कीं दुप्पट घ्या. जें खांचेंत उतरलेंच नाहीं तें बाहेर कोठून निघणार?

म्हणूनच त्या काळच्या तबकड्या ऐकून कोणी इतिहासकार लिहूं लागला कीं, तालवाद्याला तेव्हां फारसें स्थान नव्हतें, तर तो कर्ण्याचा दोष गवयाच्या माथीं मारतो असें मी म्हणेन. कर्ण्याच्या काळांतील पखवाजियांचा डावा हात कसा पडत असे, हें तबकडी सांगत नाहीं. तें त्यांच्या शिष्यपरंपरेच्या हातांतूनच शोधावें लागतें. विद्युत्-मुद्रणाच्या तबकड्यांत आणि पुढील काळच्या ध्वनिफितींत मात्र हा घुमारा सांपडण्याची आशा आहे. अशी एखादी जुनी तबकडी ज्यांच्या घरीं असेल त्यांनीं ती उभी ठेवावी, पोलादी सुईनें वाजवूं नये, आणि तिचें प्रतिमुद्रण झालें म्हणून ती टाकून देऊं नये.